पेशीचे दार

१९३६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरी, हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयात एक व्याख्यान झाले. पदार्थविज्ञान हे जीवशास्त्राला व वैद्यकाला काय देऊ शकेल, हा विषय. आणि वक्ते होते ख्यातनाम पदार्थवैज्ञानिक कार्ल कॉम्प्टन. व्याख्यान संपल्यावर सॉल हर्ट्झ नावाच्या तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येईल काय? प्रश्न लहान होता. पण एका मोठ्या उपचारपद्धतीचा उगम त्यात होता.

त्या प्रश्नाचे मर्म गळ्यातील अवटू ग्रंथीच्या स्वभावात आहे. रक्तात आयोडीन अगदी अल्प असते. परंतु मुंगीने साखरेचा कण वेचावा तशी ही ग्रंथी ते वेचून घेते आणि त्यापासून आपले संप्रेरक घडविते. तेव्हा आयोडीनच किरणोत्सर्गी असेल, तर ते कोणी वाट न दाखविता नेमक्या ठिकाणी पोहोचणार, हे उघड होते. १९३७ साली सशांवर प्रयोग झाले. पुढल्याच वर्षी सीबोर्ग व लिव्हिंगूड यांनी सुमारे ८ दिवस अर्धायुष्य असलेले आयोडीन-१३१ शोधून काढले. १९४१ च्या मार्चमध्ये हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील ग्रंथीच्या रोग्याला किरणोत्सर्गी आयोडीनची पहिली मात्रा दिली. आणि अवटू ग्रंथीचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरला असताही तो या आयोडीनने आटोक्यात येऊ शकतो, हे न्यूयॉर्कच्या सायडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले. मुंबईत परळ येथे १९६३ साली अणुशक्ती खात्याचे विकिरण वैद्यक केंद्र निघाले, आणि या उपचाराची सोय तेथे झाली.

तथापि या यशाला एक उणी बाजू होती. काही रोग्यांच्या गाठी आयोडीन घेतच नसत. औषध तेच, मात्रा तीच. पण ते गाठीला न शिवता शरीराबाहेर निघून जाई. असे का व्हावे, याचे उत्तर मिळण्यास अर्धे शतक लोटले.

१९९६ साली न्यूयॉर्क येथे नॅन्सी कॅरास्को यांच्या प्रयोगशाळेने आयोडाइड पेशीत आणणाऱ्या प्रथिनाचे जनुक हुडकले. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतले दारच होय. सोडियमचे दोन कण आत येताना आयोडाइडचा एक कण सोबत घेऊन येतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा निरोप आला, की अशी दारे अधिक बनतात. म्हणूनच उपचारापूर्वी रक्तातील हा निरोप मुद्दाम वाढविला जातो.

परंतु पेशीला दुसराही एक निरोप मिळत असतो : वाढ, विभाग. 'बी-रॅफ' नावाचे प्रथिन या निरोपाच्या साखळीतील एक दुवा आहे. २००२ साली अनेक कर्करोगांत, आणि २००३ साली अवटू ग्रंथीच्या कर्करोगात, या प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळला. असा बिघाड झाला की वाढीचा आदेश थांबतच नाही. आणि तो सतत घुमू लागला, की दार घडविणारे जनुक मुके होते. वाढीच्या नादात पेशी आपले कुळाचे काम सोडून देते.

मग दार मोडले होते, की केवळ मिटले होते? २०१३ साली न्यूयॉर्कच्या वैद्यांनी याची परीक्षा पाहिली. उपचार न मानणाऱ्या २० रोग्यांना त्यांनी ही साखळी अडविणारे सेल्युमेटिनिब हे औषध काही आठवडे दिले. १२ जणांच्या गाठी पूर्वीपेक्षा अधिक आयोडीन घेऊ लागल्या. ८ जणांना पुन्हा किरणोत्सर्गी आयोडीन देता आले. त्यांपैकी ५ जणांच्या गाठी बऱ्याच आटल्या, तर उरलेल्या ३ जणांचा रोग वाढला नाही. म्हणजे दार मोडले नव्हते. निदान काहींचे तरी नव्हते.

या यशाने हुरळून जाणे मात्र योग्य नव्हे. शस्त्रक्रियेनंतर लगेच, रोग पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या रोग्यांना हेच औषध दिले असता अधिक लाभ होत नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. कोणाचे दार कोणत्या निरोपाने मिटले, हे प्रत्येक रोग्यापुरते पाहावे लागते.

रोगट पेशी ही केवळ जाळून टाकावयाची वस्तू, असे वैद्यक बहुधा मानत आले. येथे मात्र, तिला मारण्यासाठीच का होईना, आधी तिच्या मूळ धर्माची आठवण करून द्यावी लागते. हर्ट्झ यांनी १९३६ साली आयोडीनविषयी विचारले होते. त्यांच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग पेशीविषयीचा आहे, आणि त्याचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही.