घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर सोडून देऊ नका, गिअरबॉक्स कसा वागतो ते समजून घ्या

सातारा : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला किंवा पसरणी घाटाने वाईला उतरणाऱ्या बऱ्याच गाड्यांना आता क्लचचं पेडलच नसतं. जावळी, वाई, पाटण तालुक्यांतल्या गावांतही दारात ऑटोमॅटिक गाड्या दिसू लागल्या आहेत. गर्दीत चालवायला सोपी, डाव्या पायाला काम नाही, घाट चढतानाही फारसा त्रास नाही. अडचण येते ती उतरताना. आणि ती बहुतेकांना ब्रेकचा जळका वास आल्यावरच कळते.

जीप आणि ट्रक चालवून तयार झालेल्या चालकांचा जुना नियम आहे, ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ओढ्याकडे उतरणारा ट्रॅक्टरवालासुद्धा आधी लहान गिअर टाकून घेतो, उतारावर मधेच गिअर काढत नाही. न्यूट्रल झालं की मागची ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत मात्र गिअर गाडीच निवडते आणि घोळ तिथेच होतो.

गिअर बदलणारा कॉम्प्युटर मुख्यतः दोन गोष्टी पाहतो. गाडीचा वेग किती आणि एक्सलेटर किती दाबला आहे. उतार लागला की चालक एक्सलेटरवरचा पाय काढतो, पण वजनाने गाडीचा वेग वाढतच असतो. कॉम्प्युटरला वाटतं, वेग आहे आणि ताकद कुणी मागत नाही, म्हणजे गाडी सपाट रस्त्याला आरामात चालली आहे. मग तो पेट्रोल वाचवण्यासाठी गिअर वर टाकतो, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला ओढून धरत नाही. त्यामुळे माणसाला वाटतं गाडी ‘सुटली’ आणि पाय ब्रेकवर जातो तो तिथेच राहतो.

ब्रेकवर किती भार येतो याचा साधा हिशेब करता येतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर खाली कोकणात. म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या रस्त्यात गाडी बाराशे मीटरच्या वर खाली येते. पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,३०० किलो असेल तर या उतरण्यात जेवढी उष्णता तयार होऊ शकते, तेवढ्यात ४५ ते ५० लिटर पाणी उकळेल, म्हणजे तीन घागरी. काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेली उष्णता एकतर इंजिन घेणार, नाहीतर चाकांजवळच्या लहान डिस्क आणि ड्रम. त्या तापल्या की पॅडची पकड कमी होते, आणि त्याहून जास्त तापलं तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल एकदम मऊ होऊन खाली जातं. चालक सांगतो ब्रेक फेल झाला. प्रत्यक्षात ब्रेक घाटाच्या माथ्यापासून थोडा थोडा संपत आलेला असतो.

यावर उपाय गाडीतच दिलेला असतो, फक्त तो प्रत्येक प्रकारच्या गाडीत वेगळ्या जागी असतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून हा प्रकार स्वस्त गाड्यांत आला. आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लचप्लेट असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. त्यामुळे योग्य गिअर पडला तर ही गाडी साध्या गाडीइतकीच चांगली धरते. लिव्हर ‘एम’च्या बाजूला घ्यायचा आणि वजा खुणेकडे ढकलून दुसरा गिअर टाकायचा. वजा पुढे आहे की मागे, हे कंपनीप्रमाणे बदलतं, घरून निघतानाच पाहून ठेवावं. हे उतार सुरू होण्याआधी करायचं, याला कारण आहे. गिअर बदलताना यंत्र क्षणभर क्लच सोडतं. सपाट रस्त्यावर नुसता हेलकावा जाणवतो, पण तीव्र उतारावर तेवढ्यात गाडी पुढे उसळते आणि नवखा माणूस घाबरतो. वेग फार वाढलेला असेल तर गाडी खालचा गिअर घेतच नाही. आधी ब्रेक मारून वेग कमी करायचा, मग गिअर.

एएमटीबद्दल आणखी दोन गोष्टी विक्रेते सहसा सांगत नाहीत. ‘एम’वर असलं तरी आरपीएमचा काटा लाल पट्ट्याजवळ गेला की बऱ्याच गाड्या इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच वरचा गिअर टाकतात. म्हणजे गिअर टाकला म्हणून ब्रेक विसरायचा नाही. दुसरं, अगदी चालण्याच्या वेगावर आलं की क्लच आपोआप सुटतो. तीव्र वळणावर समोरून ट्रक आला आणि गाडी जवळजवळ थांबवावी लागली, की त्या क्षणी धरायला फक्त ब्रेकच असतो.

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं भांडं असतं. तेल थोडं घसरतं, म्हणून कमी वेगात इंजिनची पकड ढिली वाटते. लिव्हरवर ‘२’ आणि ‘एल’ असेल तर घाटात ‘२’, फारच तीव्र उताराला ‘एल’. नव्या गाड्यांत ‘एम’ किंवा ‘एस’ असतं, काहींत स्टिअरिंगमागे पट्ट्या असतात. काही गाड्या पाय काढूनही वेग वाढतोय हे पाहून उतार ओळखतात आणि ब्रेकला पाय लागताच स्वतःच गिअर उतरवतात. आपली गाडी त्यातली आहे का, हे ओळखीच्या लहान उतारावर एकदा तपासता येतं.

सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असते, गिअर नसतातच. ‘डी’वर पाय काढला की इंजिन अगदी शांत होतं आणि गाडी नुसती घरंगळल्यासारखी जाते. ‘एल’ किंवा ‘एस’वर टाकलं की इंजिनचा मोठा आवाज सुरू होतो आणि लोक घाबरून परत ‘डी’वर घेतात. तो आवाज म्हणजेच इंजिन गाडी धरतंय. पेट्रोल गाडी उतारावर साडेतीन-चार हजार आरपीएमवर फिरली तर तिला काही होत नाही, काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही एवढंच. डबल क्लचच्या महागड्या गाड्या साध्या गिअरसारख्याच धरतात, त्यांचंही ‘एम’ वापरावं.

पेट्रोल वाचतं म्हणून घाटात ‘एन’ करणारे अजून आहेत. कार्ब्युरेटरच्या काळातलं हे गणित आता उलटं झालं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की आजचं इंजिन इंधन पूर्ण बंद करतं, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. ‘एन’ केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे बचत नाही आणि पकडही गेली. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंपही थांबतो.

ब्रेक मारायचीही पद्धत आहे. हलका पाय सतत ठेवण्यापेक्षा जरा जोरात दाबून वेग पुरेसा कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं तर रुंद जागा बघून थांबावं, पंधरा-वीस मिनिटं गाडी गार होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या पावसात तर जास्तच. नवीन डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालेलं १४० अंशांनाच उकळू शकतं. दोन वर्षांनी बदलायला थोडेच पैसे लागतात, तरी सर्व्हिसिंगच्या वेळी बहुतेक जण तेच काम टाळतात.

पेडल पूर्ण गेलंच तर ‘एन’ला हात लावायचा नाही. पेडल भराभर दाबत राहायचं, गाडी घेईल तसे एकेक गिअर उतरवायचे आणि हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू वर घ्यायचा. दरीकडची बाजू सोडून डोंगराकडच्या चरात चाक घातलेलं बरं.

इलेक्ट्रिक गाडीत मोटारच गाडी धरते आणि ती शक्ती बॅटरीत परत जाते. पण वर मुक्कामाला बॅटरी पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरायला घेतला तर वीज साठवायला जागाच नसते आणि ही पकड कमी होते. उतरणार असाल तर थोडी जागा ठेवावी.

उतारावर गाडी उभी करताना ‘पी’ असेल तर आधी ब्रेक दाबून हँडब्रेक लावायचा, मग ‘पी’, म्हणजे सगळं वजन गिअरबॉक्समधल्या लहानशा खिळीवर येत नाही. बहुतेक एएमटी गाड्यांना ‘पी’ नसतोच. तिथे तोंड उताराला असेल तर ‘आर’मध्ये ठेवून इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा आणि पुढच्या चाकाला दगड लावायचा. निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाकायला विसरू नये, मागून दुचाकीवाले येत असतात.