अर्धवेळ नोकरी, पूर्ण आकाश: कम्युनिटी कॉलेजची गोष्ट

लोकलमध्ये लटकत असाल, मेसच्या रांगेत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजची गोष्ट अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची. मी कॅलिफोर्नियात अशाच एका कॉलेजात संध्याकाळी फिजिक्स आणि अॅस्ट्रॉनॉमी शिकवते. अर्धवेळ. नेमणूक एका सेमिस्टरपुरती आणि पगार मुख्यतः वर्गातल्या तासांचा. ही पद्धत आली कुठून, ते आज बघू.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय? घराजवळचं सरकारी कॉलेज. दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, आणि प्रवेशासाठी गुणांची गाळणी नाही. इथली दोन वर्षं करून पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत जाता येतं.

सुरुवात १९०१ सालची, इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावची. शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं म्हणणं होतं की पदवीची पहिली दोन वर्षं वेगळी काढता येतील. जोलिएट हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते मनावर घेतलं आणि शाळेतच पुढचे वर्ग सुरू केले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी किती? सहा! १९०७ मध्ये कॅलिफोर्नियानेही कायदा करून हायस्कूलना असे वर्ग चालवायची परवानगी दिली. मग शिकवणार कोण? बऱ्याच ठिकाणी हायस्कूलचेच शिक्षक, आपले तास सांभाळून. म्हणजे अर्धवेळ शिक्षक या कॉलेजांना जवळपास जन्मापासून चिकटलेला आहे.

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४४ च्या जी. आय. बिलामुळे परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशांपैकी ४९ टक्के माजी सैनिकांचे होते. त्याच वर्षी अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अहवाल दिला: घराजवळ, परवडणारी, सगळ्यांना खुली कॉलेजं हवीत. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं ते तेव्हापासून.

आता यात आकाश कुठून आलं? ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. पुढच्याच वर्षी विज्ञान शिक्षणासाठी केंद्र सरकारचा मोठा कायदा झाला. शाळा-कॉलेजांत तारांगणं उभी राहू लागली. त्याच्या आधीच, १९४७ मध्ये, आर्मंड स्पिट्झ यांनी अवघ्या ५०० डॉलरचा तारांगण प्रोजेक्टर बाजारात आणला होता. छिद्रं पाडलेला बारा बाजूंचा डबा, आत दिवा, छतावर तारे. जुगाडच की!

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेजं, आणि बाकी कुणालाही, म्हणजे खरंच कुणालाही, कम्युनिटी कॉलेज. त्या दशकात देशभर चारशेहून जास्त नवी कम्युनिटी कॉलेजं उघडली.

इमारती झाल्या, मुलं आली. शिक्षक हवेत ना? १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात नियम झाला की पूर्णवेळ कामाच्या ६० टक्क्यांपर्यंत शिकवणाऱ्याला 'तात्पुरता' म्हणून ठेवता येईल. तेव्हा हे सोयीचं होतं. दिवसा कंपनीत काम करणारा इंजिनिअर संध्याकाळी एक वर्ग घ्यायचा. पण १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ आलं आणि मालमत्ता कराला कात्री लागली. कॉलेजांचा मोठा आधार तोच होता. १९८४ मध्ये पहिल्यांदा फी लागली, युनिटमागे ५ डॉलर. तोपर्यंत इथे शिकणं फुकट होतं, हे आज सांगितलं तर माझ्या विद्यार्थ्यांना खरं वाटत नाही.

पैसे कमी आणि मुलं तेवढीच असली की काय होतं? पूर्णवेळ माणूस निवृत्त झाला की त्याचे वर्ग अर्धवेळ माणसांत वाटले जातात. १९८८ च्या कायद्याने ध्येय ठेवलं की ७५ टक्के शिकवणं पूर्णवेळ शिक्षकांकडे असावं. ते ध्येय कागदावरच राहिलं. २००८ मध्ये ६० टक्क्यांची मर्यादा ६७ झाली. आज अमेरिकेतल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत साधारण दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत.

या मर्यादेचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? ही मर्यादा एका कॉलेज जिल्ह्यापुरती असते. एका ठिकाणी पोट भरण्याइतके वर्ग मिळत नाहीत, म्हणून माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जातो, मग तिसऱ्या. अशा शिक्षकांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. गाडीच्या डिकीत एका खोक्यात डायोड आणि वायरी, दुसऱ्यात थर्माकोलचे गोळे, आणि सीटवर तपासायचे पेपर. ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, सीएचबीवाले, हेच जगतात. तुमच्यापैकी काहींचे सर किंवा मॅडम तसेच असतील.

यात विद्यार्थ्यांचं काय? माझ्या अॅस्ट्रॉनॉमीच्या वर्गात बहुतेक जण विज्ञानाचे नसतात. कुणी गोदामात काम करतं, कुणी अकाउंटिंग शिकतं, कुणाला घरी लहान मूल आहे. पदवीसाठी एक विज्ञान विषय हवा म्हणून ते येतात. बऱ्याच जणांसाठी हा आयुष्यातला विज्ञानाचा शेवटचा तास असतो. त्यामुळे तो तास कुणी आणि कसा घेतो याला फार महत्त्व आहे.

आणि अडतात फक्त हेच विद्यार्थी असं समजू नका. १९८७ च्या एका गाजलेल्या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना विचारलं होतं, ऋतू का बदलतात? २१ जणांची उत्तरं चुकली. नेहमीचं चुकीचं उत्तर असतं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. म्हणजे महाबळेश्वरला स्वेटर घालून तुम्ही स्ट्रॉबेरी खाता तेव्हा! ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे.

हे फळ्यावर सांगून डोक्यात शिरत नाही. मी खोलीत अंधार करते, मध्ये एकच बल्ब लावते आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीवर खोचलेला थर्माकोलचा गोळा देते. गोळा हात लांब करून धरायचा आणि स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. चंद्राची कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा, सगळं स्वतःच्या हातात दिसतं. "म्हणजे ही पृथ्वीची सावली नाही?" असं कुणीतरी दर सेमिस्टरला विचारतंच. त्या प्रश्नासाठी एवढी गाडी चालवणं मला परवडतं. पण माझ्या परवडण्यावर व्यवस्था चालवू नये.

कारण खरी अडचण नंतर येते. दोन वर्षांनी त्याच विद्यार्थ्याला युनिव्हर्सिटीसाठी किंवा स्कॉलरशिपसाठी शिफारसपत्र हवं असतं. घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नसतं, त्याला ओळखणारा शिक्षक म्हणजे मीच. पण मला ऑफिस नाही, आणि पुढच्या सेमिस्टरला मी तिथे असेन याची खात्री नाही. कॉलेजने दार उघडं ठेवलं, पण आत ओळखीचं माणूस टिकू दिलं नाही, तर तो मुलगा विचारणार कुणाला?

या दारातून किती लांब जाता येतं, त्याचं एक उदाहरण सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजमधून १९७६ मध्ये आयलीन कॉलिन्स नावाची मुलगी दोन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडली. जुलै १९९९ मध्ये ती स्पेस शटलची पहिली महिला कमांडर झाली. त्या मोहिमेने अवकाशात काय सोडलं माहितीये? चंद्रा एक्स-रे दुर्बीण, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची.

आज तिच्यासारखी एखादी मुलगी संध्याकाळच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली असेल. तिला शिकवणारे पुढच्या वर्षीही तिथेच भेटायला हवेत. तुमच्या कॉलेजातल्या सीएचबी सरांना किंवा मॅडमना या सेमिस्टरला किती तास मिळाले, हे एकदा विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!