अधिक सेकंद

अधिक महिना आपल्या घरांना नवा नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाला कमी पडू लागले, की पंचांगकर्ते मध्ये एक महिना घालतात आणि जावयांच्या पदरात अनारसे पडतात. २०१२ साली अधिक भाद्रपद आला, त्याच्या दीडेक महिना आधी जगाने एक अधिक सेकंदही पाळला होता. त्याचे अनारसे मात्र कोणालाच मिळाले नाहीत.

पृथ्वीची गिरकी अणुघड्याळाइतकी काटेकोर नाही; म्हणून १९७२ पासून जागतिक वेळेत अधूनमधून एक सेकंद वाढवीत आले. ३० जून २०१२ च्या मध्यरात्रीचा सेकंद पंचविसावा. मध्यरात्र अर्थात ग्रीनिचच्या हिशेबाची. आपल्याकडे रविवारची पहाट होती, साडेपाचची. त्याच क्षणी देशोदेशींचे संगणक काही काम नसताना धापा टाकू लागले. ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीच्या प्रवाशांची नोंदणी बंद पडली आणि विमानतळावरच्या माणसांना ती हाताने करावी लागली.

बिघाड होता लिनक्सच्या कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे; संगणकाचा सारा कारभार पाहणारा गाभा. यंत्रातला टायमर ठरावीक वेळाने ठोका देतो. ठोका पडला, की हातातले काम टाकून कर्नलने त्याच्याकडे बघायचे. याला इंटरप्ट म्हणतात. वेळेचा हिशेब या ठोक्यांवर चालतो आणि झोपलेल्या प्रोग्रॅमना उठवण्याचे कामही त्यांवरच.

आता समजा, भिंतीवरचे घड्याळ एक सेकंद मागे घेतले, पण उठवणाऱ्या गड्याला कोणी सांगितलेच नाही. प्रोग्रॅम म्हणतो, "अर्ध्या सेकंदाने उठव." गडी स्वतःच्या घड्याळात पाहतो, वेळ तर टळून गेलेली! तो लगेच हलवून उठवतो. प्रोग्रॅम भिंतीकडे पाहतो. अजून अवकाश आहे. पुन्हा आडवा होतो, पुन्हा उठवला जातो. हे सेकंदाला हजारो वेळा. चूक कोणीच करीत नव्हते, म्हणून चुकीची नोंदही कुठे होत नव्हती. प्रोग्रॅम तपासणाऱ्याला काय सापडणार?

उतारा सापडला तो गमतीचा. घड्याळात जी वेळ दिसते आहे तीच पुन्हा लावायची! वेळ हाताने लावली, की कर्नल सर्वांना वर्दी देतो. गडी शुद्धीवर येतो.

मग अधिक सेकंदाच्या वेळी ही वर्दी का गेली नाही? मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. वर्दी पूर्वी जात असे. २००७ साली ती मुद्दाम काढून टाकली होती, तीही सबळ कारणाने. अधिक सेकंद घातला जातो तो टायमरच्या इंटरप्टमध्येच. त्या अवस्थेत इतर प्रोसेसरांना हाक मारून त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसले, तर एकमेकांसाठी सगळेच खोळंबतात आणि यंत्र कायमचे गोठते. गोठणे टाळण्यासाठी निरोपच तोडला. जुन्या दुखण्याचे औषध पाच वर्षांनी असे उलटले.

जॉन स्टल्ट्झ या अभियंत्याने पुढे दुरुस्ती केली. वर्दी द्यायची, पण इंटरप्टमधून बाहेर पडल्यावर. शिवाय उठवणाऱ्यानेही दर ठोक्याला भिंतीवरचे घड्याळ स्वतः पाहून घ्यायचे. पुढच्या अधिक सेकंदाची वाट पाहत कोण बसणार? म्हणून यंत्राला रोज एक खोटा अधिक सेकंद खिलवणारा छोटा प्रोग्रॅमही त्यांनी लिहिला.

एवढे होऊनही खापर फुटले ते बिचाऱ्या सेकंदावर. २०२२ साली वजनमापांच्या जागतिक परिषदेने ठरवले, की २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवायची. मला हा न्याय थोडा एकतर्फी वाटतो. पृथ्वीने काही वचन मोडले नव्हते. शेवटचा अधिक सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला पाळला गेला. आपल्या घड्याळांत तेव्हा १ जानेवारीची पहाट होती, आणि वेळ तीच, साडेपाचची.