नफा, कर्ज आणि भांडवल रचना : अंबत्तूरच्या उद्योगसमूहाने सावरलेला ताळेबंद

चेन्नईच्या अंबत्तूर भागात सायकल निर्मितीने पाय रोवलेल्या, मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ऑफ इंडिया (स्थापना 1949) या कंपनीने 2020 मध्ये मुंबईस्थित सीजी पॉवर अँड इंडस्ट्रियल सोल्यूशन्सचा ताबा घेतला. आर्थिक कामगिरी आणि भांडवल रचना यांचे नाते या व्यवहारातून स्पष्ट होते.

भांडवल रचना म्हणजे कंपनीच्या निधीतील भागधारकांचा पैसा आणि कर्ज यांचे परस्पर प्रमाण. कर्जावरील व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होत असल्याने नफ्यातील कंपनीने अधिक कर्ज घेणे फायद्याचे, असे एक मत आहे. व्यवहारात बहुधा उलटेच दिसते. स्टुअर्ट मायर्स व निकोलस मजलूफ यांनी 1984 मध्ये त्याचे कारण मांडले: कंपन्या प्रथम साठवलेला नफा वापरतात, तो अपुरा पडल्यास कर्ज काढतात आणि नवे समभाग अगदी शेवटी विकतात. नफाच नसेल, तर ही निवड कंपनीच्या हाती उरत नाही.

पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज असलेल्या सीजी पॉवरचे तसेच झाले. मोटारी, ट्रान्सफॉर्मर बनवणारे तिचे कारखाने अहिल्यानगर, नाशिक येथे आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीने अनधिकृत व्यवहार झाल्याचे शेअर बाजारांना कळवले. पत घसरली, खेळते भांडवल आटले, कर्ज थकले. अखेर बँकांनी कर्जाची पुनर्रचना केली आणि ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने सुमारे 700 कोटी रुपये घालण्याची तयारी दर्शवली. त्यातील 550 कोटींसाठी कंपनीला 8.56 रुपये दराने 64 कोटींहून अधिक समभाग द्यावे लागले. निम्म्याहून अधिक मालकी नव्या प्रवर्तकांकडे गेली; जुन्या भागधारकांचा हिस्सा तेवढाच आक्रसला. अडचणीतील भांडवलाची खरी किंमत व्याजदरात नव्हे, अशी मालकीत मोजावी लागते.

पुढील काही वर्षांत नफ्यातून कंपनी जवळपास कर्जमुक्त झाली. गुजरातमधील साणंद येथे 7,600 कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पात ती उतरली. जुलै 2025 मध्ये तिने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून 660 रुपये दराने 3,000 कोटी रुपये उभारले. दर्शनी मूल्य तेच, 2 रुपये. मात्र या वेळी जेमतेम साडेचार कोटी समभाग पुरले.