व्हीस्फिअर ५.०

व्हीएमवेअर या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हर-आभासीकरण प्रणालीची २०११ मधील आवृत्ती. तिची घोषणा १२ जुलै २०११ रोजी झाली आणि २४ ऑगस्टपासून ती ग्राहकांना मिळू लागली. एका सर्व्हरचे प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क वाटून देऊन त्यावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे काम हायपरव्हायझर करतो. व्हीस्फिअर ४ पर्यंत कंपनी ईएसएक्स आणि ईएसएक्सआय असे दोन हायपरव्हायझर देत असे. ५.० मध्ये ईएसएक्स बंद झाले.

ईएसएक्ससोबत लिनक्सवर आधारलेला ‘सर्व्हिस कन्सोल’ येई. व्यवस्थापकांच्या स्क्रिप्ट आणि बॅकअपचे एजंट त्यातच बसवलेले असत. मात्र हायपरव्हायझरशी थेट संबंध नसलेल्या लिनक्सच्या त्रुटींसाठीही पॅच लावावे लागत आणि त्यासाठी सर्व्हर रिकामा करून पुन्हा सुरू करावा लागे. ईएसएक्सआयमध्ये हा कन्सोलच नाही, त्यामुळे पॅचचा व्याप बराच घटला. जुन्या स्क्रिप्ट मात्र नव्याने लिहाव्या लागल्या. अपग्रेडमध्ये खरा वेळ बहुधा तिथेच गेला.

आभासी यंत्राची कमाल मर्यादा ८ प्रोसेसरांवरून ३२ वर आणि २५५ गीगाबाइट मेमरीवरून १ टेराबाइटवर गेली. जाहिरातीत याचाच गाजावाजा अधिक झाला. पण एवढे मोठे यंत्र लागणारे ग्राहक थोडेच होते.

सर्वांत मूलगामी बदल ‘हाय अव्हेलेबिलिटी’त झाला. एखादा सर्व्हर बंद पडला की त्यावरील यंत्रे क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरवर सुरू करणे हे या सुविधेचे काम. जुन्या रचनेत क्लस्टरमधले पाच सर्व्हर ‘प्रायमरी’ असत. हे पाचही एकाच ब्लेड चॅसिसमध्ये असले आणि त्या चॅसिसची वीज गेली, तर यंत्रे पुन्हा सुरू करणारा कोणी उरत नसे. शिवाय सारा कारभार डीएनएसवर अवलंबून होता. नावाची एक नोंद चुकली तरी क्लस्टर उभा राहायला अडे. ५.० मध्ये हा भाग मुळापासून नव्याने लिहिला गेला. आता सर्व्हर आपसात एक मास्टर निवडतात आणि तो बंद पडला तर उरलेल्यांतून दुसरा निवडला जातो. डीएनएसची गरज उरली नाही. दुसरी भर डेटास्टोअरमार्गे, म्हणजे यंत्रांच्या फाइली ठेवण्याच्या सामायिक जागेमार्गे, दिल्या जाणाऱ्या हार्टबीटची (जिवंत असल्याच्या खुणेची). नेटवर्कवर उत्तर न देणारा सर्व्हर खरोखर बंद आहे की त्याची नुसती केबल निघाली आहे, हे आधी कळायला मार्ग नव्हता. डिस्कवरची खूण ताजी दिसली, तर तो जिवंत आहे एवढे मास्टरला समजते.

साठवणुकीत व्हीएमएफएस-५ ही नवी फाइल प्रणाली आली. आधीच्या प्रणालीत १, २, ४ किंवा ८ मेगाबाइट असा ब्लॉकचा आकार सुरुवातीलाच ठरवावा लागे आणि त्यावरून फाइलची कमाल मर्यादा ठरे. १ मेगाबाइट निवडणाऱ्याला पुढे २५६ गीगाबाइटहून मोठी डिस्क करता येत नसे. आता सर्वत्र १ मेगाबाइटचाच ब्लॉक आणि एका सलग भागावर ६४ टेराबाइटपर्यंतचे डेटास्टोअर शक्य झाले. आभासी डिस्कची मर्यादा मात्र सुमारे २ टेराबाइटच राहिली, ती ५.५ मध्ये वाढली. जुने डेटास्टोअर यंत्रे चालू असतानाच बदलता येते, परंतु त्याचा ब्लॉक जुनाच राहतो. म्हणून नवे डेटास्टोअर करून यंत्रे त्यावर हलवणे अधिक चांगले. ‘स्टोरेज डीआरएस’ ही सुविधा डेटास्टोअरमधली जागा आणि प्रतिसादाचा वेळ पाहून आभासी डिस्कची वाटणी करते. ‘ऑटो डिप्लॉय’मुळे सर्व्हर डिस्कवर काही न बसवता नेटवर्कवरून बूट होऊ लागले. सर्व सर्व्हरांचे एकत्र व्यवस्थापन करणाऱ्या व्हीसेंटरसाठी विंडोजऐवजी लिनक्सवरचे तयार अप्लायन्सही मिळाले, पण त्याला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर चालत नव्हता.

या साऱ्यापेक्षा चर्चा झाली ती परवान्याची. प्रत्येक प्रोसेसरच्या परवान्यासोबत ‘व्हीरॅम’चा ठरावीक वाटा देण्यात आला. चालू यंत्रांना नेमून दिलेल्या मेमरीची बेरीज त्यापुढे गेली, तर आणखी परवाने घ्यावे लागणार होते. सर्वांत महागड्या एंटरप्राइज प्लस परवान्यालाही ४८ गीगाबाइट एवढाच वाटा होता. भरपूर मेमरीचे सर्व्हर घेऊन त्यांवर जास्तीत जास्त यंत्रे बसवा, असा सल्ला देणाऱ्या कंपनीनेच मेमरीवर आकार लावल्याने ग्राहक संतापले, आणि तो राग अनाठायी नव्हता. उत्पादन बाजारात येण्याआधीच, ऑगस्टच्या सुरुवातीला, हा वाटा दुप्पट म्हणजे ९६ गीगाबाइट करण्यात आला. ऑगस्ट २०१२ मध्ये ५.१ च्या घोषणेबरोबर व्हीरॅमचा नियम पूर्णपणे मागे घेतला गेला. याउलट मास्टर निवडण्याची पद्धत आणि डेटास्टोअर हार्टबीट पुढील आवृत्त्यांतही टिकून राहिले. ५.० चा सर्वसाधारण सपोर्ट २४ ऑगस्ट २०१६ रोजी संपला.