मोडी : कागद-बोरूची लिपी

मोडी ही मराठीच्या दफ्तरी व्यवहाराची धावती लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जाई. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने ती लंकेहून आणली, अशी आख्यायिका आहे. फारसीच्या शिकस्ता या धावत्या वळणावरून ती बेतली, असेही एक मत आहे. पण तिचा जनक शोधत बसण्यापेक्षा लेखनसाहित्याकडे पाहिले, तर तिच्या वळणाचा उलगडा अधिक होतो. यादवांचे मराठी शिलालेख नागरीत आहेत. छिन्नीला अक्षरे जोडून काय मिळणार? तिला रेघ न् रेघ खोदावीच लागते. कागदावर मात्र बोरू जितका कमी उचलावा तितका वेळ वाचतो. म्हणून मोडी लिहिणारा कारकून आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. बहुतेक अक्षरांचे टोक वळसा घेऊन पुन्हा रेघेपाशी येते आणि तिथूनच पुढचे अक्षर सुरू होते. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाही. ओळ संपली की शब्द मधेच तुटतो. मजकूर उरला तर खाली कागदाचा दुसरा बंद चिकटवायचा आणि सांध्यावर मागून शिक्का उठवायचा.

यावर आक्षेप असा, की पोथ्याही कागदावर बोरूनेच लिहिल्या जात, तरी त्या बाळबोध नागरीत राहिल्या. आक्षेप रास्त आहे. नुसत्या कागदाने लिपी धावत नाही. त्यावर कामाचा रेटाही हवा. पोथी पुनःपुन्हा वाचायची असते, तिथे अक्षर सुटे आणि ठसठशीत लागते. हिशेब, वसुली, पत्रे यांचा रोजचा ढीग उपसणाऱ्याला ती चैन परवडत नाही, आणि वाचणाराही त्याच दफ्तरातला असल्याने अर्थ संदर्भाने लागतो. मोडीत काही शिलालेख सापडतात हे खरे. पण तिथे कागदावर रुळलेले वळण दगडावर उतरवलेले आहे.

उलट बाजूचा पुरावा छपाईचा. मिशनरी विल्यम कॅरीचा 1810 चा मराठी कोश बंगालमधील श्रीरामपूरला मोडी खिळ्यांत छापला गेला, म्हणजे मोडीचे खिळे पाडणे अशक्य नव्हते. परंतु खिळा अक्षर सुटे करतो. बोरू न उचलण्याची बचत तिथे संपते आणि दुर्बोधता तेवढी उरते. शिळाछापात हस्ताक्षरच दगडावर उतरत असल्याने मोडीची पुस्तके त्या तंत्राने निघत राहिली.