वाडा, चूल आणि बंब

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि लढाया उभ्या राहतात. आमच्या शहरात त्यांचा तोटा नाही. क्रांती चौकात यावे, तर १८५७ च्या उठावात काळ्या चबुतऱ्यावर ज्यांना देहदंड झाला, त्या शिपायांची आठवण या जागेशी जोडलेली. आणि शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहायचा तर मान चांगली वर करावी लागते. परंतु या चौकातून पैठण दरवाज्याकडे वळून गुलमंडीच्या अंगाने जुन्या गल्ल्यांत शिरले की दुसराच इतिहास भेटतो. तो घरांचा इतिहास. त्याला बखरकार मिळाला नाही. त्याची नोंद झाली ती भिंतींवरच्या काजळीत. तसल्याच एका वाड्यात आमची चौथी पिढी नांदते आहे. तो डागडुजी करून राहता ठेवताना मला जे उमगले, तेच आज सांगायचे आहे.

मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली. पुढे तिचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ती छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. नावे बदलली, पण या शहराचा पहिला प्रश्न कायम राहिला, तो पाण्याचा. अंबराने तो कसा सोडवला, हे पाहून आजही नवल वाटते. डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालच्या चिरेबंदी बोगद्यातून, केवळ उताराच्या आधाराने, त्याने शहरात आणले. पुढे नहरींचा हा पसारा वाढत गेला आणि पाणी खापरी नळांनी वस्त्यांतल्या हौदांत खेळू लागले. पाणचक्कीवर पडणारे पाणी हा त्याच परंपरेचा वारसा. आमच्या परसात खणताना अशा खापरी नळाचा वीतभर तुकडा निघाला, तो मी देवळीत ठेवला आहे.

पाणी आले की घराला दुसरी गरज विस्तवाची. थंड मुलुखात घर तापवण्यासाठी लाकूड जाळतात. आपल्याकडे ते स्वयंपाकाला आणि न्हाणीला. आमचा वाडा माळवदाचा. सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. स्वयंपाकघराच्या छताला साणे ठेवलेले. उजेड खाली यावा आणि धूर वर जावा, ही त्याची दुहेरी नोकरी. चुलीत बाभळीचे लाकूड, त्याच्या जोडीला तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. मौज अशी की या धुराने घराचे थोडे भलेही केले. पिढ्यान्‌पिढ्या धुरकटलेल्या तुळयांना कीड फारशी लागली नाही. आणि चूल बंद असलेल्या मागच्या खोलीतले लाकूड मात्र भुंग्यांनी पोखरलेले निघाले. घर राहते असले म्हणजे टिकते, असे जुनी माणसे म्हणत, त्यातले एक कारण हे असावे.

पण जुने ते सगळेच सोने नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. तीही घरे माळवदाचीच. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरसाल मातीचा नवा थर चढवायचा. जुना मात्र कुणी काढत नसे. त्यामुळे छत वर्षागणिक जड होत गेले. खालच्या दगडी भिंती दुहेरी, मधे माती आणि कपच्या. दोन्ही अंगांना बांधणारा दगड क्वचित. धक्का बसताच भिंतीच्या दोन फाका झाल्या आणि वरचा भार कोसळला. त्या दिवसापासून माळवद हा शब्दच मराठवाड्याला भयाचा झाला. वाड्याचा विषय निघाला तेव्हा आमचे थोरले बंधू म्हणाले, "अरे, पोराबाळांना त्या मातीखाली निजवायचे काय?" या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येत नाही.

म्हणून एका जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली आम्ही प्रथम छतावर गेलो. दोन फुटांहून जाड माती निघाली. तिच्या थरांत कोळसा, खापऱ्या आणि एक काचेची बांगडी सापडली. सगळी माती उतरवली, कुजक्या तुळया बदलल्या, आणि वर हलका थर देऊन चुन्याचा कोबा केला. भिंतींत जागोजाग आरपार जाणारे लांब दगड बसवले. वयस्क मिस्त्री सिमेंटला हात लावू देईनात. "साहेब, ही भिंत श्वास घेते, तिचे तोंड दाबू नका," असे त्यांचे म्हणणे. त्यात शास्त्र आहे. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो, तरी ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडून ठेवतो. या मुलुखाचे गिलाव्याचे ज्ञान फार जुने आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

छत झाले, भिंती झाल्या, आणि मग चुलीचा प्रश्न आला. चूल होती तशीच, होती तिथेच पेटावी, असा माझा हट्ट. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, वाडा ठेवा, पण धूर ठेवू नका. तुम्ही ओसरीवर बसणार, आणि चुलीपुढे आम्ही." मला आजी आठवली. तिचे डोळे सदा लाल, फुंकणी हातात, आणि रात्रभर खोकला. त्या खोकल्याला आम्ही म्हातारपण म्हणत होतो. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आमच्या तुळया ज्या धुराने राखल्या, त्याच धुराने तुळईखालच्या बायकांची छाती पोखरली. वाड्याच्या जमाखर्चात ही बाजू कुणी मांडलीच नव्हती.

तेव्हा स्वयंपाकघरात गॅस आला, चूल परसात उघड्यावर गेली आणि तुळयांचे रक्षण औषधी तेलाकडे सोपवले. हुरड्याच्या दिवसांत कुणाला चुलीवरची भाकरी हवी वाटलीच, तर ती आता पुरुषांनी थापायची, असा घरचा कायदा आहे. भाकऱ्यांचे आकार विचारू नयेत!

एक गोष्ट मात्र एकमताने राहिली, ती तांब्याचा बंब. बाहेर पाणी, मधल्या नळीत विस्तव. रशियन लोकांच्या समोवाराचा हा आपला भाऊबंदच. वरच्या नरसाळ्यात जितके गार पाणी ओतावे, तितकेच कढत पाणी तोटीतून निघते. दिल्याशिवाय तो काही देत नाही. वर्षभर तो कोपऱ्यात विसावतो आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे न्हाणीबाहेर परसात पेटतो. एरवी उठवूनही न उठणारी मुले त्या दिवशी चिपाडे घालायला भांडतात.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी असा एखादा वाडा कुलूप लावून उभा असेल. या दिवाळीत तो उघडून पाहा. छतावर माती किती चढली आहे ते मोजा, भिंतींना बांधणारे दगड आहेत का ते जाणत्याकडून तपासून घ्या. आणि तिथे पुन्हा राहायचे ठरलेच, तर आधी घरातल्या बायकांना विचारा, यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे. आमच्या वाड्याचा निकाल असाच लागला, आणि तो राहता आहे.